वल्द, भ्रतार आणि मिडल नेम

मॅपिंग हा शब्द उच्चारला की आपल्या कॉलेजात दोन जातीची माणसं दोन दिशांना बघतात. सिव्हिलवाल्यांना प्लेन टेबल, रेंजिंग रॉड आणि मे महिन्याच्या उन्हात करपलेलं स्वतःचं तोंड आठवतं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना आठवतो एक अत्यंत कंटाळवाणा कोड. या डब्यातलं नाव काढ, त्या डब्यात टाक. या डब्यातली तारीख काढ, त्या डब्यात टाक. असे दोनशे डबे. कोणी आवडीनं करत नाही. ग्रुपमध्ये जो लेक्चरला उशिरा येतो त्याच्या गळ्यात हे काम मारतात, आणि आमच्या ग्रुपात ते माझ्याकडे आलं. (उशिरा मी एकदाच आले होते. असो.)

तर मित्रहो, या लेखात सिव्हिलचं मॅपिंग आणि कॉम्प्युटरचं मॅपिंग नशिराबादच्या एका वावरात कसं भेटलं ते सांगायचं आहे. माझं शिक्षण सिस्टर्सच्या शाळेत झालं. तिथे मराठी हा विषय पी.टी.च्या तासाइतक्याच गांभीर्यानं घेतला जायचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं जे काही उरलं असेल ते संपादक मंडळानं सांभाळून घ्यावं.

आधी ज्यांना हे मॅपिंग माहीत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे मेकॅनिकल आणि रेक्टर मॅडमसाठी. समजा तुम्ही हॉस्टेलला राहता. कॉलेजच्या ऑफिसात तुमची एक फाईल आहे. तिच्यात जात, वडिलांचं उत्पन्न, बारावीचे मार्क, डोमिसाईल, सगळं आहे. रेक्टरच्या रजिस्टरात तुमचा खोली नंबर, लोकल गार्डियन आणि रात्री किती वाजता आलात ते आहे. मेसवाल्या काकांच्या वहीत फक्त खोली नंबर, महिन्याचे पैसे आणि 'अंडं चालतं / नाही' एवढंच. माणूस एकच, पण ऑब्जेक्ट तीन. सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. डेटाबेसमध्ये एका रूपात साठवलेली गोष्ट स्क्रीनवर दुसऱ्या रूपात जाते आणि दुसऱ्या सिस्टिमला पाठवताना तिसऱ्या. या वाहतुकीसाठी जे हलकं ऑब्जेक्ट करतात त्याला डेटा ट्रान्सफर ऑब्जेक्ट, डीटीओ म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २००२ सालच्या आपल्या पुस्तकात हा पॅटर्न नावानिशी नोंदवला आणि तेव्हापासून व्हायव्हात तो विचारतात.

कोणी म्हणेल, एकच मोठा ऑब्जेक्ट सगळीकडे फिरवला तर काय बिघडतं? मेसवाल्या काकांना तुमच्या वडिलांचं उत्पन्न कळलं तर काय बिघडतं, हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. कोणाला काय दिसावं आणि काय दिसू नये हे मॅपरमध्ये ठरतं. दिसतं हमालाचं काम, पण असतं दारवानाचं.

हे काम हातानं करायला नको म्हणून तयार लायब्ऱ्या आहेत. डॉट नेटवाल्यांकडे जिमी बोगार्ड यांचा ऑटोमॅपर, जावाकडे मॉडेलमॅपर आणि मॅपस्ट्रक्ट. दोन्हीकडे फील्डचं नाव सारखं दिसलं की या लायब्ऱ्या आपणहून किंमत उचलून टाकतात. मॉडेलमॅपर हे प्रोग्रॅम चालू असताना नावांचे तुकडे जुळवून करतो. मॅपस्ट्रक्ट कंपाइल होतानाच सरळ जावा कोड लिहून देतो, म्हणजे काय झालं ते उघडून वाचता येतं. मला दुसरा प्रकार आवडतो. अंदाजानं काम करणारी माणसं आणि अंदाजानं काम करणाऱ्या लायब्ऱ्या, दोघांनीही दुपारी काही केलं की त्याचा उलगडा रात्री दोनला होतो.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आम्ही चौघांनी विषय घेतला सातबाऱ्याचा. ॲप असं की सातबाऱ्याच्या नोंदी भरल्या की जमीन कोणाकोणाची, किती किती, हे साध्या भाषेत दिसावं. गाईड सर म्हणाले, "रियल डेटा आणा, नाहीतर सगळे ए, बी, सी नावाचे शेतकरी करता." रियल डेटा म्हणजे घरोघरचे जुने कागद. वर्गातल्या सात-आठ जणांनी आणले. त्यात एक आमच्या घरचा, नशिराबादचा.

मी वाढले नाशिकला. नशिराबाद म्हणजे माझ्यासाठी जळगाव-भुसावळ हायवेवरचा टोलनाका, सिमेंटचा कारखाना आणि आत्याआजी, याच क्रमानं. आत्याआजी ही आजोबांची बहीण. गावातल्या गावात दिलेली, त्यामुळे ऐंशीच्या घरातली ही बाई जन्मल्यापासून त्याच वावराच्या दोन-तीन किलोमीटरच्या आत आहे. हॉस्टेलच्या मेसला कंटाळले की मी रविवारी एस.टी. पकडून तिच्याकडे जाते. हिवाळ्यात भरीत आणि कळण्याची भाकरी, इतर वेळी शेवभाजी. तिला मी काय शिकते ते विचारलं तर ती सांगते, "कंपुटर दुरुस्तीचं."

पप्पांनी नाशिकहून कागदांची पिशवी पाठवली आणि मी ती घेऊन तिच्याकडे गेले, कारण मला त्यातलं निम्मं वाचताच येत नव्हतं. सगळ्यात जुन्या कागदावर जिल्हा 'पूर्व खानदेश' असा होता. खानदेशचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि १९६० साली पूर्व खानदेशचं नाव जळगाव झालं, हे मला कागद वाचताना समजलं. आमच्या ॲपच्या ड्रॉपडाऊनमध्ये पूर्व खानदेश नव्हताच. म्हणजे पहिल्याच फील्डला मॅपिंगचा नियम लिहावा लागला, जुनी किंमत अमुक तर नवी किंमत जळगाव. नशिराबादचंही तसंच. ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. गाव तेच, टाईप बदलला.

दुसरं फील्ड नाव. इथे मी दोन दिवस अडकले.

आमच्या शाळेच्या फॉर्मवर तीन चौकटी असायच्या, फर्स्ट नेम, मिडल नेम, लास्ट नेम. मिडल नेम म्हणजे वडिलांचं नाव, हे पहिलीपासून डोक्यात पक्कं. आमच्या टार्गेट क्लासमध्येही तीच तीन फील्डं केली होती. जुन्या कागदावर मात्र नावं अशी होती: अमुक वल्द तमुक. अमुक बिन तमुक. अमकीबाई भ्र. तमका. एका कागदावर अमकीबाई जौजे तमका. (खरी नावं इथे देत नाही, घरची आहेत.) वल्द आणि बिन म्हणजे मुलगा. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. जौजे म्हणजे बायको. मला पहिल्यांदा वाटलं, ही जुनी अडगळ आहे, कापून टाकू आणि मधलं नाव मिडल नेममध्ये टाकू. आमच्या ग्रुपातल्या एकानं तर त्यासाठी स्प्लिट फंक्शन लिहूनही ठेवलं होतं.

पण बघा. आत्याआजीचं लग्नाआधीचं मिडल नेम तिच्या वडिलांचं, लग्नानंतरचं तिच्या नवऱ्याचं. चौकट तीच, अर्थ वेगळा. शिवाय आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लग्नात तिचं पहिलं नावही बदललेलं. आडनाव तर बदलतंच. म्हणजे तीन फील्डांपैकी तीनही बदलली आणि बाई तीच राहिली. अशा बाईला नावावरून शोधणारा मॅपर तिला दोन वेगळ्या बाया समजणार, नाहीतर एकही समजणार नाही. आधार कार्डावर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर (ती चौथी शिकलेली आहे) माहेरचं. आणि त्या जुन्या कारकुनानं 'भ्र.' ही दोन अक्षरं लिहून पुढचं नाव बापाचं नसून नवऱ्याचं आहे हे स्पष्ट सांगितलं होतं. आमच्या भाषेत म्हणायचं तर त्यानं किमतीबरोबर तिचा टाईपही साठवला होता, आणि आम्ही मॉडर्न लोक तो फेकायला निघालो होतो. मी स्प्लिट फंक्शन काढून टाकायला लावलं. टार्गेटमध्ये मिडल नेमऐवजी दोन फील्डं झाली, संबंधित व्यक्ती आणि नातं.

तिसरा प्रकार तर नावही नव्हता. आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं 'ए.कु.मॅ.' माझ्या मैत्रिणीला वाटलं ही डिग्री आहे. एल.सी.ई.एच., बी.ए., ए.कु.मॅ. आत्याआजी खूप हसली. अर्थ आहे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे जमीन कुटुंबाची आणि हा गृहस्थ कुटुंबातर्फे कारभारी. तशीच आणखी एक डिग्री कागदांत मिळाली, 'अ.पा.क.', अज्ञान पालनकर्ता, म्हणजे मालक लहान आहे आणि त्याच्यातर्फे हा मोठा माणूस. ही सगळी नात्यांची आणि जबाबदारीची माहिती, नावाच्या रकान्यात नावाला चिकटून बसलेली. कोणी ती नुसती स्ट्रिंग म्हणून कॉपी केली तर एक दिवस कारभारी तेवढा मालक म्हणून स्क्रीनवर येतो.

सातबारा म्हणजे नक्की काय हेही मला आधी धड माहीत नव्हतं. गावाच्या दप्तरात वेगवेगळे नमुने असतात. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कोणाकडे आहे. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर म्हणून सातबारा. नमुना आठ-अ म्हणजे एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनी एकत्र. आणि नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. कोण वारलं, कोणी विकलं, कोणी घेतलं, प्रत्येक बदलाला नंबर. डेटाबेसच्या तासाला ट्रान्झॅक्शन लॉग शिकवतात ना, तेच. सातबारा ही आजची स्थिती आणि फेरफार हा ती स्थिती कशी आली त्याचा इतिहास. जुन्या हस्तलिखित उताऱ्यावर नाव कमी झालं की ते खोडत नसत, त्याला कंस करत आणि फेरफार नंबर लिहीत. सॉफ्ट डिलीट! आम्हाला सरांनी हे स्लाईडवर शिकवलं, इथे शाईनं केलेलं होतं.

पुढे हे सगळं संगणकावर आलं. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. २०२० साली सातबाऱ्याचा नमुनाच सुधारला. पूर्वी इतर अधिकाराच्या रकान्याबरोबर असणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. राज्यभरातल्या उताऱ्यांचं फील्ड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं म्हणजे काय, ते आम्ही आठ उताऱ्यांवर करून बघितलं आणि नंतर चहा प्यायलो.

आता क्षेत्र. मला वाटलं होतं हे सोपं जाईल, आकडेच आहेत. आमच्या उताऱ्यावर क्षेत्र लिहिलंय १.२१.००. हा दशांश अपूर्णांक नाही बरं का. दोन-दोन टिंबं आहेत. एक हेक्टर, एकवीस आर, शून्य चौरस मीटर. आत्याआजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "हेक्टर मले काय माहीत? वावर तीन एकर हाय, तं तीन एकरच हाय."

मी कॅल्क्युलेटर काढला. एक एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजे ४,०४६.८६ चौरस मीटर. तीन एकर म्हणजे १२,१४०.५७. उताऱ्यावर १२,१००. चाळीस चौरस मीटरचा फरक. हॉस्टेलच्या दहा बाय बाराच्या खोल्या धरल्या तर साडेतीन खोल्या. कोणी काही खाल्लेलं नाही. म्हातारी गावात चालणारा पूर्ण आकडा सांगते, कागद आर सांगतो, आणि बोलताना लोक एक गुंठा म्हणजे एक आर असंच धरतात. प्रत्यक्षात गुंठा १०१.१७ चौरस मीटर आणि आर १००. एका गुंठ्याला हा फरक चटईएवढा, पण एककांच्या मॅपिंगमध्ये असंच गळत जातं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यामुळेच गेलं. एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन समजून घेत होती. फील्डचं नाव जुळलं म्हणून अर्थ जुळतो असं नाही, हे त्यांनी मंगळावर शिकलं, आम्ही नशिराबादला.

मग हिस्सा. फेरफारात वारसांचे हिस्से आणे-पैत लिहिले होते, प्रत्येकी पाच आणे चार पै. आपली नाणी १ एप्रिल १९५७ पासून दशमान झाली, पण जमिनीच्या हिश्श्यांतून आणे लगेच गेले नाहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ ला तिनानं भागा. ६४. म्हणजे पाच आणे चार पै, बरोब्बर, काही उरत नाही. आता हेच आमच्या डेटाबेसमध्ये दशांशात टाका. ०.३३, ०.३३, ०.३३. बेरीज ०.९९. ज्या पद्धतीला आपण मागासलेली म्हणतो तिच्यात तीन भावंडांची वाटणी पूर्ण होते, आणि आमच्या दशांशात होत नाही. चौरस मीटरमध्ये बघितलं तरी तेच. १२,१०० भागिले तीन, ४,०३३ आणि एक उरतो.

मी आत्याआजीला विचारलं, हा एक चौरस मीटर कोणाला द्यायचा? तिनं हातातलं निवडणं थांबवलंही नाही. म्हणाली, "बांधाले द्या. बांध कोरून कोरून त्यानंच सगळ्याइले मोठं केलं."

कोडमध्ये आम्ही हिस्सा दशांशात साठवायचाच नाही असं ठरवलं. अंश आणि छेद अशी दोन पूर्णांक फील्डं. एक भागिले तीन हे एक भागिले तीनच राहू दे, चौरस मीटर फक्त स्क्रीनवर दाखवताना काढायचे. सरांना हे आवडलं. म्हणाले, मिळवलेला आकडा साठवू नका, ज्यातून मिळवला तो साठवा.

आणि आता ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला ते.

पणजोबांनी ते वावर स्वतः कमावून घेतलेलं. ते १९७१ साली गेले, पणजी त्याआधीच गेलेली. मागे तीन मुलं, आजोबा, मोठी आत्याआजी आणि धाकटी आत्याआजी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, बापानं स्वतः घेतलेली आणि मृत्युपत्र न केलेली मालमत्ता मुलगा आणि मुलगी यांना सारखीच जाते. फेरफारात तिघांची नावं, पाच आणे चार पै प्रत्येकी. पण सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून आजोबांचं एकट्याचं नाव, पुढे ए.कु.मॅ. दोघी बहिणी कुठे? उजव्या बाजूला, 'इतर अधिकार' या रकान्यात. त्याच रकान्यात विहिरीचा हिस्सा आणि सोसायटीच्या कर्जाचा बोजा. विहीर, बोजा आणि बहिणी, एकाखाली एक. आजोबांनंतर भोगवटादार म्हणून पप्पांचं नाव लागलं. बहिणी जिथे होत्या तिथेच आहेत. हे फक्त आमच्या घरात नाही. वर्गातून आलेल्या आठ उताऱ्यांपैकी आणखी तिघांत हेच होतं.

आमचा सोर्स क्लास कागदाबरहुकूम होता, त्यात इतर अधिकार हे एक लांबलचक टेक्स्ट फील्ड होतं. टार्गेट क्लास 'हिस्सेदार', त्यात तसं काही नव्हतं. मॅपस्ट्रक्ट चालवला. बिल्ड सक्सेसफुल. एकही वॉर्निंग नाही. स्क्रीनवर आमच्या वावराला एकच हिस्सेदार, पप्पा, शंभर टक्के.

मला कळेना की वॉर्निंग का नाही. मग डॉक्युमेंटेशन वाचलं. टार्गेटमधलं एखादं फील्ड रिकामं राहिलं तर मॅपस्ट्रक्ट आपणहून सांगतो, अरे हे भरलं नाहीस. ते डीफॉल्ट आहे. पण सोर्समध्ये एखादी गोष्ट आहे आणि तिला टार्गेटमध्ये जागाच नाही, तर डीफॉल्ट आहे इग्नोअर. गप्प. सोर्ससाठीची पॉलिसी वेगळी लिहून मागितली तरच तो बोलतो. कारणही रास्त आहे. मोठ्या ऑब्जेक्टमधून लहान काढताना बरंच काही सोडायचंच असतं, मेसवाल्या काकांसाठी उत्पन्न सोडतो तसं. प्रत्येक सोडलेल्या गोष्टीला तो ओरडायला लागला तर काम होणार नाही.

पण मी तो परिच्छेद हॉस्टेलच्या खोलीत रात्री वाचत होते आणि माझ्यासमोर आत्याआजी आली. रिकाम्या चौकटीची काळजी सगळ्यांना, चौकटच नसलेल्याची कोणाला नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये भांडण झालं. एक जण म्हणाला, "अगं ते फ्री टेक्स्ट आहे, पार्स करायला महिना जाईल. इग्नोअर इक्वल टु ट्रू लिही आणि सोड. फ्यूचर स्कोपमध्ये टाकू." फ्यूचर स्कोप म्हणजे काय हे प्रोजेक्ट केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते आपल्याकडचं 'पुढच्या वर्षी बघू' आहे. त्याचंही अगदी चूक नव्हतं, सबमिशनला नऊ दिवस होते. मी म्हटलं, मग ॲपचं नाव बदलू, 'जमीन कोणाची नाही ते बघा'. तो चिडला. मी पण चिडले. शेवटी मैत्रिणीनं तोडगा काढला. पार्स करू नका, माणसाकडून भरून घ्या. इतर अधिकारातली प्रत्येक ओळ स्क्रीनवर येईल आणि वापरणाऱ्यानं सांगायचं, हे काय आहे? वारस, बोजा, विहीर, की दुसरं काही. एकही ओळ न ठरवता पुढे गेलात तर ॲप पुढे जाणार नाही. वारस म्हटलं की फेरफार नंबर मागेल आणि हिस्सा विचारेल. सोर्सची पॉलिसी आम्ही एरर केली. वर्गातल्या डेमोला बिल्ड अकरा वेळा फुटला, आणि प्रत्येक वेळी एखादं सुटलेलं फील्ड सापडलं. पोटखराबा, म्हणजे पिकाखाली न येणारी जमीन, असाच सापडला.

धाकटी आत्याआजी वारली आहे. तिची मुलं सुरतला आहेत, आपल्या भागातून गेलेल्या कित्येकांसारखी. म्हणजे तिचा एक तृतीयांश तिच्या वारसांत, ऑब्जेक्टच्या आत ऑब्जेक्ट. रिकर्शन लावावं लागलं. त्याबद्दल लिहीत नाही, नाहीतर हा लेख संपणार नाही.

एक गोष्ट मात्र लिहायची आहे. हायवे चौपदरी झाल्यापासून आमच्या वावराला विचारणा येतात. पप्पा नोकरीतून दोन वर्षांत निवृत्त होतील. नाशिकच्या घराचं कर्ज आहे, माझी फी आहे. त्यांचं म्हणणं, आत्यांच्या बाजूनं एकदा हक्कसोड पत्र रजिस्टर झालं की इतर अधिकारातली नावं निघतील आणि कागद क्लीन होईल. पप्पा लबाड नाहीत. माझ्या ओळखीतल्या बहुतेक घरांत हेच होतं आणि बहिणी सहीही देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात, हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण आत्याआजीकडे चार रविवार जेवल्यावर कळतं. डेटा क्लीनिंग हा शब्द आम्हीही वापरतो. त्यात काय काय धुऊन निघतं ते प्रत्येक वेळी बघत नाही.

सबमिशननंतरच्या रविवारी लॅपटॉप घेऊन नशिराबादला गेले. स्क्रीनवर गट नंबर, खाली तीन हिस्से. पप्पा, एक तृतीयांश. मोठी आत्याआजी, तिचं माहेरचं नाव, सासरचं नाव, नातं कन्या, एक तृतीयांश. धाकटी कंसात, तिच्याखाली सुरतची नावं. पुढे क्षेत्र, आणि मी मुद्दाम शेवटी एकरात दाखवायची सोय ठेवली होती. प्रत्येकी सुमारे एक एकर. तिनं चष्मा लावला. तिला वाचता येतं, सावकाश. स्वतःच्या माहेरच्या नावावर बोट ठेवून ती थांबली. लग्नानंतर त्या नावानं तिला फक्त आजोबा हाक मारायचे, असं म्हणाली. मग विचारलं, "हे सरकारनं लिवलं का?"

मी म्हटलं, नाही, आम्ही. कॉलेजचं आहे. हा काही कायदेशीर कागद नाही.

"मंग सरकारच्या कागदात काय हाय?"

मी फेरफाराची प्रत काढून दिली. पाच आणे चार पै, तीन वेळा. ती तिनं घडी करून पोथीत ठेवली आणि मला विचारलं, भाकरी आणखी एक घेशील का.

त्या रात्री हॉस्टेलवर येऊन मी ॲपचं प्रिंटआऊट पप्पांना पाठवलं. प्रोजेक्ट बघायचा होता म्हणून त्यांनीच मागितलं होतं. दोन निळ्या टिका आल्या. तासभर काही नाही. मी मेसमध्ये जाऊन आले, तरी काही नाही. साडेअकराला मेसेज आला: बेरीज १२,०९९ येतेय, एक चौ.मी. कुठे गेला?

म्हणजे त्यांनी तिन्ही हिश्श्यांची बेरीज करून बघितली होती. मी आत्याआजी काय म्हणाली ते लिहून पाठवलं. हक्कसोडचं ते त्यानंतर अजून काही बोललेले नाहीत. दिवाळीला नशिराबादला यायचं म्हणतात, बरोबर कुठले कागद आणतात ते तेव्हा दिसेल.